चाळीस काळे, एक कोरा

मुलुंड पूर्वेच्या समताभूषण विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची एक कायम जागा रिकामी असल्याचं संबंधितांच्या लक्षात आलं. त्या जागेवरचे गृहस्थ निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांचा हार घातलेला फोटोही भिंतीवर लागला होता. पण जागा रिकामी आहे हे सांगणारं पत्र वर जाऊन, सह्या घेऊन, खाली यायला एवढा वेळ लागतोच. विषय होता राज्यघटना आणि नोकरीतील भेदभावाचा कायदा.

आता अकरा वर्षं हा विषय कोणी शिकवलाच नाही, असं समजू नका. गेली नऊ वर्षं तो दर्शना चिंदरकर शिकवत होती, तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व ही मोठी सोयीची गोष्ट आहे. तास सुरू झाला की माणूस प्राध्यापक होतो आणि तास संपला की कोणीच राहत नाही. त्याला रजा नसते, आजारपण नसतं, स्टाफरूममध्ये स्वतःचं कपाट नसतं आणि मे महिन्यात तर तो अस्तित्वातच नसतो. जूनमध्ये नवीन पत्र देऊन त्याला पुन्हा जन्माला घालतात. दर्शनाचे असे नऊ जन्म झाले होते. भांडुपच्या टेकडीवर दोन खोल्यांत ती आईबरोबर राहायची. वडील गिरणीत होते. आधी गिरणी गेली, मग ते गेले. दर्शनाचं वय सदतीस. पुढची जागा निघेपर्यंत आणखी अकरा वर्षं धरली तर ही शेवटचीच संधी होती, आणि हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

सगळ्यात जास्त माहीत होतं प्राध्यापक डॉक्टर अनंत परचुरे यांना. परचुरेसर म्हणजे भेदभावाच्या कायद्यातला शेवटचा शब्द. एकोणतीस वर्षं त्यांनी हाच विषय उगाळला. त्यांच्या 'समान संधी' या ग्रंथाच्या चार आवृत्त्या निघाल्या. चौथीत सहावं प्रकरण नव्याने घातलं होतं आणि ते दर्शनाने लिहिलं होतं. ऋणनिर्देशात 'कु. दर्शना चिंदरकर यांनी मुद्रितं तपासली' असं आवर्जून नमूद केलेलं होतं. सरांची व्याख्यानं बोरिवलीच्या वाचनालयात व्हायची, घाटकोपरच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्हायची, आणि मरोळच्या कंपन्यांमध्ये 'भेदभाव ओळखा' या कार्यशाळेत तर सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या प्रमाणपत्रांपर्यंत सरच असायचे. कोर्टात मात्र ते कधी उभे राहिले नाहीत. प्राध्यापकाने बाजू घेऊ नये, असं त्यांचं मत होतं. एकदा मरोळच्या एका कारखान्यातली सपना नावाची बाई त्यांच्याकडे आली होती. दिवस गेले म्हणून तिला कामावरून काढलं होतं. सरांनी तिची कहाणी दोन तास डोळ्यांत पाणी आणून ऐकली आणि तिच्यावर चौदा पानांचा उत्कृष्ट लेख लिहिला. लेखाला विद्यापीठाचं पारितोषिक मिळालं. सपनाला लेखाची झेरॉक्स मिळाली.

माणूस वाईट नव्हता हो. दर्शनाबद्दल त्यांना मनापासून वाटायचं. तिची आई सुगंधाबाई एकदा खापरोळ्यांचा डबा घेऊन कॉलेजात आली होती, तेव्हा हात जोडून म्हणाली होती, "सर, माझ्या चेडवाचा कायतरी बघा. नऊ वर्सां झाली, दर जूनात माझ्या पोटात गोळो येता." सरांनी त्याच वेळी, तोंडात खापरोळी असताना, शब्द दिला होता. त्यामुळे जागेची जाहिरात आली तसं त्यांनी दर्शनाला केबिनमध्ये बोलावलं.

"दर्शना, ही जागा तुझी आहे," सर म्हणाले. "तुझ्याइतकं या विषयातलं कोणालाच येत नाही. मलाही नाही, असं मी खासगीत म्हणेन."

"थँक यू, सर," दर्शना म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"पण ती तुला मिळाली असं दिसता कामा नये. ती गुणवत्तेला मिळाली असं दिसलं पाहिजे."

यातला फरक दर्शनाला कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही अजून कळलेला नाही. पण सरांच्या डोक्यात हा किडा घातला होता संस्थेचे विश्वस्त श्यामसुंदर कामेरकर यांनी. कामेरकर म्हणजे अत्यंत नम्र माणूस. बोलताना नेहमी समोरच्याच्या बाजूने बोलायचे, त्यामुळे समोरच्याला विरोध करायला जागाच उरायची नाही. ते सरांना म्हणाले होते, "सर, चिंदरकरबाई तुमची विद्यार्थिनी. उद्या लोक म्हणतील, भेदभावाच्या तज्ज्ञानेच आपलं माणूस लावलं. तुमच्या एकोणतीस वर्षांच्या तपश्चर्येला गालबोट कशाला? निवडीची पद्धतच अशी करा, की कोणाला बोट दाखवता येऊ नये. तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

शेवटच्या वाक्यावर सर विरघळले. शिवाय मे महिन्यात त्यांची निवृत्ती होती आणि संस्था त्यांच्या नावाने 'समानता अध्यासन' काढणार होती. त्यात एक केबिन, एक पाटी आणि तहहयात मानद पद होतं. कामेरकर हे दोन्ही विषय एकाच दमात बोलले, एवढंच.

घरी शुभाताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, हे ऐकलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अहो, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तिला येतं, तिला घ्या. संपलं."

"शुभा, तुला पद्धतीचं महत्त्व कळत नाही."

"नाही कळत. मला दर्शना कळते."

सरांनी हे उद्गार भावनिक ठरवले आणि ते नियम लिहायला बसले.

पहिला नियम सोपा होता. अर्जावरचं नाव झाकायचं, कारण नावावरून स्त्री की पुरुष ते कळतं. आडनाव झाकायचं, आडनावावरून काय काय कळतं, हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. कामेरकरांनी मसुदा वाचला आणि त्यांना अगदी गहिवरून आलं. "काय विचार केलाय, सर! पण पत्ता? भांडुपची टेकडी लिहिलेली दिसली की एकाला वाटेल बिचारी, दुसऱ्याला वाटेल नको रे बाबा. दोन्हीकडून भेदभावच ना?" सरांना हे पटलं. पत्ता गेला. मग शाळा गेली, कारण शाळेवरून माध्यम कळतं. जन्मतारीख गेली, कारण वयावरून भेदभाव हा तर सरांच्या ग्रंथाचा अख्खा तिसरा भाग होता. जन्मतारीख गेल्यावर पदवीचं वर्ष ठेवून चालेना. बेरीज-वजाबाकी कोणालाही येते. पदवीचं वर्ष गेल्यावर विद्यापीठाचं नाव एकटंच विचित्र दिसायला लागलं, म्हणून तेही काढलं.

"आता अनुभव," कामेरकर हळूच म्हणाले.

"अनुभव तरी ठेवायला हवा," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर दर्शनाची नऊ वर्षं होती.

"ठेवूच. फक्त एक शंका. आपल्या कॉलेजचा अनुभव एकाच व्यक्तीकडे आहे. तो दिसला की ती कोण हे लगेच कळणार. आणि ज्यांना संधीच मिळाली नाही म्हणून अनुभव नाही, त्यांचं काय? तुमच्याच ग्रंथात, पान दोनशे बारा, 'संधी नाकारलेल्याला अनुभव विचारणे ही क्रूर थट्टा होय.' मी अधोरेखित केलंय, सर."

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, तेही पान क्रमांकासह ऐकलं की विद्वान माणसाची काय अवस्था होते, हे विद्वानांनाच ठाऊक. अनुभव गेला. प्रकाशित लेखांवर लेखकाचं नाव असतं, म्हणून लेखही गेले. सरांना थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण एकंदर मसुदा इतका स्वच्छ दिसत होता की त्यांनी तो तीनदा वाचला.

चौथा नियम त्यांनी खास स्वतःच्या अभ्यासातून काढला: निवड समितीच्या सदस्याने कोणाही उमेदवाराला ओळखू नये, ओळखल्यास सदस्य अपात्र ठरेल आणि तसं त्याच्या नावानिशी जाहीर करण्यात येईल. नववा नियमही त्यांचाच. काही बेरकी उमेदवार समासात वगैरे खाणाखुणा करून ठेवतात, त्यांना चाप बसावा म्हणून त्यांनी लिहिलं: 'ज्या अर्जात उमेदवाराची ओळख पटेल असा मजकूर लिहिल्याचे आढळेल, तो अर्ज बाद समजावा.' या वाक्यावर खूश होऊन त्यांनी दुसरा चहा मागवला.

एक बारीकशी अडचण राहिली. अर्जाचे नमुने संस्थेने आधीच छापून घेतले होते. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव हे सगळे रकाने होते आणि खाली ठळक अक्षरांत 'सर्व रकाने भरणे बंधनकारक' असं होतं. छापलेले कागद फुकट घालवणं संस्थेच्या तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा असं ठरलं, की उमेदवारांनी नेहमीसारखा अर्ज भरावा आणि कार्यालयातल्या अंबादासने तो समितीपुढे येण्याआधी काळ्या मार्करने झाकावा.

दर्शना अर्ज घेऊन सरांकडे आली. "सर, नियम नऊ म्हणतो ओळख लिहू नका. फॉर्म म्हणतो सगळं भरा. मी काय करू?"

कायदा शिकवणाऱ्या बाईने योग्य जागी बोट ठेवलं होतं. सर मात्र त्या वेळी अध्यासनाच्या पाटीचा मजकूर जुळवत होते. मान वर न करता ते म्हणाले, "भर गं सगळं. अर्धवट अर्ज बाद होतो. बाकीचं अंबादास काळं करेल."

दर्शनाने सगळं भरलं, सुवाच्य अक्षरात. नऊ वर्षांच्या अनुभवाची नऊ प्रमाणपत्रं जोडली.

अर्ज आले एकेचाळीस. अंबादास मार्कर घेऊन बसला आणि दुसऱ्याच दिवशी कामेरकरांना नवी चिंता लागली. "सर, अंबादास झाकायच्या आधी वाचतो."

"वाचल्याशिवाय झाकणार कसा?"

"तेच तर. समितीला जे कळू नये ते सगळं या एका माणसाला कळतंय. शिवाय तो भांडुपला राहतो. गाववाल्याचा अर्ज दिसला तर त्याचा मार्कर जरा हलका चालणार नाही कशावरून?"

अंबादासने सव्वीस वर्षं इमानाने नोकरी केली होती. त्याला हे लागलं. "साहेब, मला काय कळतंय त्यातलं? माझ्या हातून करून घेऊच नका की," तो म्हणाला. पण दुसरा कोणी आणला तर तोही वाचणारच होता. अखेर सरांनी तोडगा काढला. अंबादासला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. तेव्हा त्याने चष्मा काढून काळं करायचं. चष्मा कामेरकरांच्या कपाटात कुलपात ठेवण्यात आला आणि त्याची पोच अंबादासला देण्यात आली. ती त्याला वाचता आली नाही.

आता विचार करा, चष्मा नसलेल्या माणसाला नाव कुठे आणि पदवी कुठे हे काय कळणार? जिथे जिथे काही लिहिल्यासारखं वाटलं, तिथे तिथे त्याने मार्कर फिरवला. शंका आली तिथे दोनदा फिरवला. प्रमाणपत्रंही काळी केली. नंतर कोणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काळं करायचं राहिलं तर माझी नोकरी जाणार. जास्त काळं झालं म्हणून आजपर्यंत कुणाची गेलीय?" सरकारी-निमसरकारी कारभाराचं एवढं अचूक विश्लेषण सरांच्या चारही आवृत्त्यांत नव्हतं.

निवड समितीची बैठक सोमवारी अकराला भरली. सर अध्यक्ष, कामेरकर सदस्य आणि तिसरे विद्यापीठाचे प्रतिनिधी. प्रतिनिधींनी आल्या आल्या जेवण किती वाजता आहे ते विचारलं आणि त्यानंतर बैठकीच्या कामकाजात ढवळाढवळ केली नाही. अंबादासने एकेक अर्ज टेबलावर मांडला. चाळीस अर्ज काळेकुट्ट होते. त्यातला कोणता दर्शनाचा, हे सरांना शोधूनही सापडेना. शोधू नये असा नियमच होता, तरी त्यांनी चोरून शोधला.

एक अर्ज मात्र कोरा होता. क्रमांक सत्तावीस. त्यावर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, शिक्षण नव्हतं, साधी सहीही नव्हती. लिहिलेलंच काही नव्हतं म्हणून अंबादासचा मार्कर त्याला लागला नव्हता.

"हा कसला अर्ज?" सर म्हणाले. "अपूर्ण आहे. बाद."

"सर, रकाने भरलेत की नाही हे बाकीच्या चाळिसांत तरी कुठे दिसतंय?" कामेरकर म्हणाले. "एकाचं रिकामेपण दिसतं म्हणून त्याला बाद करायचं आणि बाकीच्यांचं झाकलंय म्हणून ठेवायचं, हा भेदभाव नाही का? उलट मला वाटतं, नियम नऊ बघावा."

सरांनी नियम नऊ बघितला.

"ओळख पटेल असा मजकूर ज्यात लिहिला असेल तो अर्ज बाद," कामेरकरांनी शांतपणे वाचून दाखवलं.

"अहो, पण ते काळं आपण केलंय!"

"आपण काळं केलं, कारण तिथे मजकूर होता. मजकूर होता, म्हणजे त्यांनी लिहिला होता. लिहू नका म्हटलेलं असताना लिहिला. चाळीस उमेदवारांनी नियम मोडला, सर. एकाने पाळला. मला वाईट वाटतंय, पण अक्षर तुमचं आहे."

सरांनी युक्तिवादात फट शोधली. वरून शोधली, खालून शोधली. फट नव्हती. हाच युक्तिवाद परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला असता तर त्यांनी त्याला पैकीच्या पैकी दिले असते. दर्शनाला 'भर गं सगळं' असं आपणच सांगितलं, हे त्यांना आठवलं. पण तसं बोलून दाखवायचं म्हणजे एका उमेदवाराशी आपलं बोलणं झालं होतं, हे कबूल करायचं. त्यांनी पाणी प्यायलं. चाळीस अर्ज बाद झाले.

उरलेल्या एका उमेदवाराची मुलाखत घेणं भाग होतं. अर्जाच्या पावतीवरचा सत्तावीस क्रमांक पुकारून त्याला मागच्या दाराने आत घेतलं. चेहरा दिसू नये म्हणून स्नेहसंमेलनाच्या नाटकातला पडदा मध्ये लावला होता. त्यावर राजवाडा आणि दोन मोर रंगवलेले होते. आवाजावरून गाव कळतं, म्हणून उमेदवाराने बोलायचं नव्हतं. त्याच्यापुढे टेबलावरची घंटी ठेवली होती. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा.

"राज्यघटनेचा सोळावा अनुच्छेद कशाबद्दल आहे?" सरांनी विचारलं.

पडद्यामागे शांतता.

"सर, घंटीने याचं उत्तर कसं देणार?" कामेरकर म्हणाले. "प्रश्न असा हवा, की सगळ्यांना सारखा सोपा जाईल."

"सगळ्यांना म्हणजे? एकच तर आहे."

"तरीपण."

सरांनी सुस्कारा सोडला. "तुम्हाला समानता मान्य आहे का?"

घंटी एकदा वाजली. प्रतिनिधींनी मान डोलावून पूर्ण गुण दिले. सर पुढचा प्रश्न जुळवत होते, तेवढ्यात मोरांच्या मागून एक कंटाळलेला आवाज आला, "काका, एसी जरा कमी करा ना यार."

हा आवाज सरांनी तीन वर्षं ऐकला होता, तोही फक्त मागच्या बाकावरून. मिहिर कामेरकर. श्यामसुंदररावांचा सख्खा पुतण्या. भेदभावाच्या पेपरात तीनदा गचकलेला आणि चौथ्यांदा कसा कोण जाणे सुटलेला. अर्ज त्याने मुद्दाम कोरा ठेवला असा आरोप मी करणार नाही. पेपरही तो तसेच ठेवायचा.

"सर," कामेरकर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही काही ऐकलंत का?"

"त्यांनी तुम्हाला काका म्हटलं."

"मुंबईत रिक्षावाल्यालाही काका म्हणतात. मी काही कोणाला ओळखलं नाही. तुम्ही ओळखलंत का? ओळखलं असेल तर मोकळेपणाने सांगा. नियम चार आहेच. अपात्रता, नावानिशी जाहीर. मग अध्यासनाचं सगळं लांबणीवर पडेल, त्याला माझा इलाज नाही."

आता इथे परचुरेसरांना फक्त एक शब्द बोलायचा होता. 'ओळखलं.' एवढंच. एकोणतीस वर्षं जे शिकवलं ते एकदाच, एका टेबलावर वापरायचं होतं. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांच्या मनातला विद्वान पुढे आला आणि म्हणाला, पद्धत निर्दोष आहे. ओळखण्याचा दोष तुझा आहे. आपल्या दोषापायी निर्दोष पद्धत मोडायची का? सरांनी पेन उचललं आणि इतिवृत्तात लिहिलं, 'समितीने कोणासही ओळखले नाही.' मग सगळे जेवायला गेले.

दर्शना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांच्या घरी आली. शुभाताईंनी दार उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि तिचा हात धरून आत नेलं.

"सर, पडद्यामागून काय आवाज आला ते अंबादासकाकांनी मला सांगितलं. ते दाराबाहेर होते," दर्शना म्हणाली. "मी कोर्टात जातेय. मला तुमच्याकडून एका ओळीचं प्रतिज्ञापत्र हवंय. तुम्ही काय ऐकलंत, तेवढंच."

सरांनी चष्मा पुसला. "दर्शना, तुझ्या भावना मला समजतात. पण कायद्याने बघ. भेदभाव सिद्ध करायचा तर सारख्या माणसांना वेगळी वागणूक दिली असं दाखवावं लागतं. इथे चाळीसच्या चाळीस जणांना सारखंच काळं केलं. एकालाही सोडलं नाही."

"म्हणजे अन्याय झाला नाही?"

"अन्याय झालाय गं! घोर अन्याय झालाय. पण तो भेदभाव नाही. आणि माझा विषय भेदभाव आहे."

दर्शनाला रडू फुटलं. सरांसमोर रडू फुटलं याचाच तिला भयंकर राग आला. तिने ओढणीने डोळे खसाखसा पुसले. "सर, तुमच्या ग्रंथाचं सहावं प्रकरण. वरून सगळ्यांना सारखाच दिसणारा नियम एकाच बाजूला झुकत असेल तर तोही भेदभावच असतो. पन्नास पानं आहेत. सगळे दाखले आहेत."

"उत्तम प्रकरण आहे ते," सर कळवळून म्हणाले. "समीक्षकांनी त्याचीच जास्त स्तुती केली. पण ते तू लिहिलंयस. मी त्याच्या आधारावर शपथ कशी घेऊ?"

शुभाताईंच्या हातातला कप बशीवर आपटला. "अहो, लाज वाटते का काही? त्या पोरीच्या आईच्या खापरोळ्या खाल्ल्यात तुम्ही!"

"शुभा, खापरोळ्यांचा निवड प्रक्रियेशी संबंध नव्हता," सर म्हणाले. हे मात्र अगदी खरं होतं.

दर्शना उठली. जाताना तिने शुभाताईंना वाकून नमस्कार केला, सरांना केला नाही. ती कोर्टात गेली. तारीख पडली, पुढची पडली, ती अजून पडतेच आहे. साक्षीदार दोनच. अंबादासची साक्ष टिकली नाही, कारण त्या दिवशी त्याला चष्मा नव्हता आणि समोरच्या वकिलाने त्याला विचारलं की ज्याला दिसत नाही त्याला ऐकू तरी कसं आलं. परचुरेसरांनी काही ओळखलं नव्हतं, तसं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

जूनमध्ये मिहिर कामेरकर रुजू झाला. त्याची शैक्षणिक पात्रता नंतर तपासण्यात आली. ती कमी पडत होती, पण निवड झालेल्याला कमी पात्रतेवरून काढणं हाही भेदभावच. म्हणून त्याला ती मिळवायला तीन वर्षं देण्यात आली. त्याला अभ्यासाला वेळ मिळावा यासाठी त्याचे तास दुसऱ्या कोणाला तरी देणं आलंच. दर्शनाला तासिका तत्त्वाचं पत्र गेलं, दहावं. तिने ते फाडायला घेतलं होतं. मग तिसऱ्या वर्षाची मुलं आठवली, घर आठवलं, आणि तिने सही केली. नोकरीतला भेदभाव हा विषय ती आता प्राध्यापक मिहिर कामेरकर यांच्या वतीने शिकवते.

परचुरेसर अध्यासनावर बसले. पद्धतीची कीर्ती पसरली. तिला पुरस्कार मिळाला, अंधेरीला त्यावर परिषद झाली आणि मग कोणीतरी तो मेसेज तयार केला: 'ना नाव, ना आडनाव, ना वशिला! मुंबईतल्या एका कॉलेजने करून दाखवलं! अशी भरती देशभर व्हायला हवी. पटलं तर पुढे पाठवा.' कॉलेजचं नाव दिलेलं नव्हतं. ओळख पटू नये म्हणून.

सुगंधाबाईंच्या बचत गटाच्या ग्रुपवर तो मेसेज आला. त्यांनी तो तत्काळ लेकीला पाठवला आणि खाली स्वतःच्या आवाजात जोडलं, "बाय, हयसर अर्ज घाल गो. हयसर वशिलो चालणा नाय म्हणतत."

दर्शनाने ते स्टाफरूमच्या दाराशी उभं राहून ऐकलं, दोनदा ऐकलं आणि तासाला गेली. रात्रीपर्यंत तोच मेसेज तिला आणखी अठ्ठावीस जणांनी पाठवला. तिने पाठवणाऱ्यांचं एकेक नाव वाचलं. कोणाचंही काळं केलेलं नव्हतं, त्यामुळे तुमचंही तिला दिसलं.